गावातल्या गावात मूळ

२६ जानेवारी २००४, सोमवार

गेलं! सकाळी माहेर होतं, दुपारी नाही!

शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं आणि तिथंच ग्रामसभा बसली. सरपंच गेणभाऊ माईकवर — ‘आजपास्नं वढ्याच्या अलीकडं-पलीकडं असं काय ऱ्हायलं न्हाई. बोरदरा आता कळमगावचा वॉर्ड नंबर चार!’ टाळ्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या आमच्या दादांनी. माझे वडील, हौशीराम. बोरदऱ्यात घरोघर फिरून सह्या त्यांनीच गोळा केल्या. एवढंसं गाव, ना टाकी ना धड रस्ता. दर उन्हाळ्यात बाया इकडं कळमगावच्या विहिरीवर यायच्या आणि हंड्याबरोबर बोलणी घेऊन जायच्या. पंचायत एक झाली की पाइपलाइन ओढ्यापलीकडं जाणार. मग का नाही वाजवायच्या टाळ्या? मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

घरी आले. सासूबाई चुलीपाशी होत्या. भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘झालं. आता बोरदरा बी तुजं सासरच. पुलावर पदर खाली घ्यायचा न्हाई.’

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

२७ जानेवारी

मस्करी नव्हती.

१ फेब्रुवारी, रविवार

आठ वर्षं झाली लग्नाला. दोन गावांच्या मध्ये एक ओढा, ओढ्यावर पूल, पुलाच्या कडेला शिवेचा दगड, चुना फासलेला. कळमगावात सून म्हणून डोक्यावर पदर. दगड ओलांडला की पदर खांद्यावर, आवाज मोठा, चालणंच निराळं! तिथं मी एका पावलात लेक होते आणि येताना एका पावलात सून.

आज प्राचीला घेऊन आईकडं निघाले. पोरगी पाच वर्षांची, उड्या मारत पुढं. सासूबाई मळ्यात उभ्या, आणि मळ्यातून पूल अगदी समोर दिसतो. काय करते! पदर तसाच ठेवून बोरदऱ्यात शिरले. झुंबरबाई ओट्यावर बसलेली. हिनं मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. ती म्हणते, ‘कुणाची सून गं तू, बाय?’

‘अगं आजी, मी वैजू! हौशीरामची!’

‘मग त्वांड झाकून का चाललीस? कुणाच्या कोंबड्या चोरल्यास?’

आई हसून हसून खाली बसली. मीही हसले. घरी येताना मात्र डोकं असं फिरलं की पुलावर एकटीच बडबडत उभी राहिले. माझ्याच गावात मला ‘कुणाची सून’ विचारतात म्हणजे काय!

रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘माझं काय म्हणणं न्हाई.’ यांचं कशातच काही म्हणणं नसतं. आई आणि बायकोच्या मध्ये हा माणूस पुलासारखा — दोघीही वरून जातो.

१५ फेब्रुवारी, रविवार

बोरदऱ्यात पाणी आलं! नळाला! पप्पूनं, माझ्या भावानं, मोटरसायकलवर येऊन सांगितलं आणि लगेच पळालाही. भांडी टाकून गेले. सासूबाईंनी अडवलं नाही, पाण्याला कोण नाही म्हणतंय.

काय तो गोंधळ! बायांनी नळाला हळदीकुंकू वाहिलं, साखर वाटली. झुंबरबाईनं नळ सोडला आणि बंद करायचा कसा ते तिला कळेना. ओरडतेय, ‘आरं धरा कुणीतरी त्याला!’ आमचे दादा भर दुपारी नळाखाली बसले, अंगात सदरा तसाच. ‘आज दुसऱ्यांदा आंघोळ करतोय राव! साठ वर्सांत पैल्यांदा!’

मी पण हात-पाय धुतले. ओंजळभर प्यायलेही. सासरचं पाणी म्हणे आता हे. लागलं मात्र गोड.

३ मार्च, बुधवार

आज गिरणीत वीज गेली आणि आम्ही बोरदऱ्याच्या लेकी चांगल्या तासभर अडकलो. कळमगावात दिलेल्या आम्ही आठजणी. सगळ्यांत मोठी कुशाबाई, तिला आता नातसून आली. विषय एकच — यात्रा. चैत्री पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, आमच्या भैरोबाची.

आदल्या दिवशी बोरदऱ्यातून मूळ यायचं. बाप नाहीतर भाऊ मुराळी होऊन बैलगाडी जुंपून दारात उभा राहायचा, सासूबाईंना सांगायचा, ‘लेक न्यायला आलोय.’ मगच निघायचं. त्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मूळ आल्याशिवाय जाईल ती कसली माहेरवाशीण, ती नुसती पाहुणी! आणि मग चार रात्री तिथं. चार रात्री माझ्या! उठवायला कुणी नाही, चहा हातात, आईच्या मांडीवर डोकं.

आठही घरांतून एकच उत्तर आलंय. आमच्याकडचं असं — ‘गावातल्या गावात कसलं मूळ? सकाळी जा, परसादाची शेरणी घे, दिवेलागणीला ये. कांदा काढाया आलाय.’

कुशाबाई पिठाच्या डब्यावर बसून म्हणाली, ‘लग्नाच्या पाटावरून उठले तवापास्नं एक साल चुकलं न्हाई बायांनो. सासू गेली, नवरा गेला, मूळ येतच ऱ्हायलं. आता माज्या भावानं काय वॉर्डातनं वॉर्डात गाडी आणायची?’ आधी सगळ्या हसल्या. मग कुणीच हसेना. तेवढ्यात वीज आली.

८ मार्च, सोमवार

दादा आले होते, वाटाण्याची पिशवी घेऊन. सासूबाई गोठ्यात होत्या. मी धरलंच त्यांना. ‘दादा, तुम्ही नळ आणलात आणि लेक घालवलीत!’

त्यांना आधी कळेचना. मग कळलं. टोपी काढून डोकं खाजवत बसले. ‘आयला! ह्ये तर माज्या ध्यानातच न्हाई आलं, वैजू. टाकीचं बगितलं, रस्त्याचं बगितलं, दवाखान्याचं बगितलं…’ सगळं पाहिलं हो! लेकीचं तेवढं राहिलं.

बिचारे गेले गोठ्यात विचारायला. मी दाराआड. ‘इहीणबाई, यात्रेला मूळ धाडावं म्हणतोय.’

‘व्याही, गाव एक करायची सही कुणी केली?’

‘मीच केली.’

‘मग?’

दादा वाटाणे ठेवून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

११ मार्च

रस्ता रुंद करायला जेसीबी आला. एका दणक्यात शिवेचा दगड उपटून ओढ्यात! पप्पू आणि दादांनी तो संध्याकाळी बाहेर काढला, गाडीत घालून बोरदऱ्याला आमच्या अंगणात नेऊन ठेवला. ‘गाव गेलं, धोंडा तरी ऱ्हाऊ दे,’ म्हणाले दादा. आई न्हाणीपाशी त्यावर कपडे आपटणार म्हणाली तर तिच्यावर ओरडले!

२१ मार्च, गुढीपाडवा

पुरण वाटत होतो दोघी. सासूबाईंचा मूड बरा होता. मी जरा जपूनच विचारलं, ‘आत्या, तुमच्या माहेरी पाडव्याला काय करायचे?’

हात थांबले त्यांचे. आठ वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं मी. एवढंच माहीत होतं, की त्यांचं गाव वर आंबेगावच्या अंगाला होतं आणि डिंभ्याच्या धरणात गेलं.

‘आमची गुढी लई उंच असायची,’ म्हणाल्या. ‘नदीपल्याडनं दिसायची. पानी चढलं तसे लोक पांगले. कोण कुठं, कोण कुठं. भावानं घोडेगावात खोली घेतली. एवडीशी खोली, पन यात्रेला मूळ घेऊन यायचा. यष्टीनं यायचा, यष्टीनं न्यायचा. गाव नाय, देव नाय, यात्रा नाय, तरी न्यायचा! म्हनायचा, साळू, यात्रा न्हाई तर न्हाई, भजी खाऊ. तो गेला अन् संपलं. आता मला मूळ कोन धाडतंय? पानी?’

आणि पुरण वाटायला लागल्या, आधीपेक्षा जोरात.

आता हिच्यावर चिडायचं तरी कसं! दोन महिने छान चिडले होते. सगळं वाया गेलं.

२२ मार्च

आईला सांगितलं सासूबाईंचं. ‘कुणाला बोलू नकोस,’ असंही सांगितलं. आईच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

२७ मार्च, शनिवार

राजमहंमद चाचा आले होते, जुन्नरचे बांगडीवाले. कांद्याच्या वावरातच टोपली उतरवली. माझं तोंड बघून म्हणाले, ‘क्या हुआ बेटा? यात्रा आली अन् तुजं त्वांड कडू कारल्यावानी?’

मी सगळं सांगितलं. चाचा आपले हसतायत. मला राग आला. म्हणाले, ‘ऐक तर. आमच्या घरवालीचं, जहाँआराचं, मायका अन् ससुराल एकाच गल्लीत. मधी चार घरं! शादी झाली, पैली ईद आली. माजी अम्मी म्हनली, जा चालत, चार घरं तर हायेत. पन तिचे अब्बा मोठे अकडू. टांगा घेऊन आले! गल्ली एवढी अरुंद, टांगा वळंना. मंग काय, पोरीला बसवली, सरळ पुढं काढला टांगा, आख्ख्या जुन्नरला चक्कर मारून आणली अन् चार घरं पल्याड नेऊन उतरवली! मी आमच्या ओट्यावर उभा राहून बगतोय. हर साल! अब्बा गेले तवाच तो टांगा थांबला.’

‘मग लोक हसले नाहीत, चाचा?’

‘हसले ना! पन जहाँआरा राणीवानी बसायची त्यात. माहेर लांब असावं लागतं व्हय? बोलवनारं असावं लागतं.’

हिरव्या भरल्या. चाचांनी आज चार जास्तच भरल्या.

२८ मार्च

दादांना टांग्याची गोष्ट सांगितली. एवढे मोठ्यानं हसले की बैल बिथरले. मग एकदम उठले. ‘येतो’ म्हणून निघूनच गेले. काय झालं कुणास ठाऊक!

४ एप्रिल

कांदा. कांदा. कांदा. कंबर गेली. बोटांना वास, भाकरीला वास, ह्या पानालाही येत असेल. बोरदऱ्याहून काही निरोप नाही.

७ एप्रिल, बुधवार

पप्पू पुलावरून तीनदा गेला आज. एकदाही वळून बघितलं नाही त्या गाढवानं. सख्खी बहीण वावरात वाकलीये!

कुशाबाई म्हणाली, तिच्याही भावाचं तसंच. समोर आला तर विषय बदलतो, कांद्याचा भाव विचारतो. म्हणजे सगळ्यांनी ठरवलंच आहे, यंदा मूळ नाही. जाऊ दे. प्राचीला सकाळी घेऊन जाईन, शेरणी घेईन, येईन. मोठी झाले आता. आई काय कुठं पळून चालली नाही.

लिहिलं खरं. पण डोळे झोंबतायत, आणि आज भाजीला कांदा तर चिरलाच नाही.

१० एप्रिल, शनिवार

थांब. नीट लिहू दे.

दुपारची उन्हं कलली होती. ओतूरच्या रस्त्यानं हलगीचा आवाज. ओतूरच्या रस्त्यानं! म्हणजे पुलाच्या अगदी उलट बाजूनं. प्राची ओरडत आली, ‘आई, वरात!’ वरात कसली! आठ गाड्या! एकामागं एक बैलगाड्या, बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली, एकाचा बैल आजारी म्हणून त्यानं ट्रॅक्टरलाच झूल घातलेली! पहिल्या गाडीवर आमचे दादा, फेटा बांधून. पप्पू हलगी बडवतोय. पोटभर शिव्या दिल्या होत्या मी त्याला, सगळ्या परत घेतल्या. सकाळी निघालेत बोरदऱ्याहून! पूल सोडून, उलटे वर माळानं जाऊन, ओढ्याचा उतार गाठून, ओतूरच्या रस्त्याला लागून, सगळ्या शिवाराला वळसा घालून आले. पाच मिनिटांच्या वाटेला अर्धा दिवस घातला! गेणभाऊ सरपंच चावडीपुढं उभे राहून कपाळाला हात लावून हसतायत.

दादांनी गाडी आमच्या दारात लावली. सासूबाई उंबऱ्यावर. कमरेवर हात.

‘व्याही, वाट चुकलात? पूल तर समोर हाये.’

‘न्हाई चुकलो. लांबनं आलोय. लांबच्या गावाला जायचंय.’

सासूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, मी बघितलं. ‘बरं. एवडं दमून आलाय तर न्या तुमची लेक.’

दादा गाडीवरून उतरले. फेटा सारखा केला. ‘वैजूला नेतोच. पन ह्या साली गाडीत दोघींची जागा केलीय. तुमी बी चला.’

‘मी? मी कशाला? माजं काय नातं?’

‘तुमचं गाव पान्यानं गिळलं, माजं कळमगावनं. आपुन दोघं सारखंच की. मला भाऊ म्हना. मूळ घेऊन आलोय, साळूताई. आमच्या गावाचं नाव गेलं, आता त्ये कुनाचं तरी माहेर व्हायच्या कामाला तरी येऊ द्या.’

हलगी थांबली. सासूबाई वळल्या आणि घरात गेल्या. आतून कडी!

मला वाटलं, संपलं. दादांनी नको ते काढलं. हे माझ्याकडं बघतायत, मी यांच्याकडं. सासरे, सोमाजी मामा, जे वर्षातून चार वाक्यं बोलतात, ते बाजेवरून उठले, दारापाशी गेले आणि बंद दाराला म्हणाले, ‘जा. कांद्याचं मी बगतो.’

कडी निघाली. लग्नाकार्याला नेसतात ते जांभळं नऊवारी. कपाळभर कुंकू. हातात एक पिशवी. कोणाकडं न बघता गाडीत चढल्या, पदर पार डोळ्यांपर्यंत ओढून बसल्या. मी शेजारी. प्राची मध्ये. सगळं गाव ओट्यावर. कुशाबाई मागच्या गाडीतून ओरडली, ‘बघा गं, वॉर्ड नंबर चार चालला!’

सगळ्या शिवाराला वळसा घातला. वाटेत ऊस दिला खायला, पाणी दिलं. बोरदरा येईपर्यंत दिवे लागले होते. सासूबाईंचा पदर वाटभर हलला नाही. मी मात्र बोरदऱ्याचं पहिलं घर दिसलं आणि पदर खाली घेतला. बघत होत्या त्या. अडवलं मात्र नाही.

११ एप्रिल, रविवार

यात्रा! भैरोबाच्या नावानं चांगभलं! देवाचा छबिना नाचला, शर्यतीचे गाडे पळाले, आमचा गाडा घाटाच्या चढावरच बसला, दादा म्हणतात बैलांना नजर लागली. गोडी शेव, भेळ, आणखी गोडी शेव. नारायणगावचा तमाशा आलाय, तो गडीमाणसं बघतायत. माझा घसा बसलाय ओरडून.

राजमहंमद चाचांचं बांगड्यांचं पाल देवळामागंच. दादांनी आम्हा दोघींना पुढं केलं. चाचांनी सासूबाईंकडं बघितलं. ‘हौशीरामभाऊ, ही कुनाकडची?’

‘ही बी आमचीच. भरा मनगट भरून.’

‘हात लई कडक झाला ताई,’ चाचा म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, ‘कांद्याचा हात हाये तो.’ बांगड्या चढवताना डोळे मिटून बसल्या. दुखत होतं म्हणून असेल. दिवसभर पदर तसाच, बोलणं मोजकं, पाहुणीसारख्या चटईच्या कडेला. मग पप्पूनं एकदम गरम भज्यांची पुडी आणून पुढं ठेवली. कुणी सांगितलं होतं त्याला? आईच असणार! पुडीकडं बघत राहिल्या कितीतरी वेळ. मग खाल्ली. सगळी. आम्हाला एकसुद्धा दिली नाही.

१४ एप्रिल, बुधवार

चार रात्री संपल्या. पिशवी भरून अंगणात आले. न्हाणीपाशी आमच्या शिवेच्या दगडावर सासूबाई केस वाळवत बसलेल्या — उन्हात, उघड्या डोक्यानं, झुंबरबाईशी मोठमोठ्यानं हसत. माणसं येतायत, जातायत. मी म्हटलं, ‘आत्या, निघायचं ना?’

‘तू व्हय म्होरं. कांदा बग, त्या म्हाताऱ्याला च्या दे,’ म्हणाल्या. ‘मी अजून दोन दिस माहेरी हाये.’